वसंतरावांचं तिकीट

केबिन रोडवरच्या आमच्या पक्षाच्या ऑफिसात तासभर पंख्याखाली बसलं, की एक किस्सा फुकट मिळायचा. भाईंदरला तेव्हा नुकतीच महानगरपालिका झाली होती, आणि आमच्या वॉर्डात आमच्या पक्षाने दगड उभा केला तरी तो निवडून आला असता. त्यामुळे खरी निवडणूक तिकिटाची, मतदान हा नंतरचा सोपस्कार. समोरच्या पक्षाचा उमेदवारसुद्धा हळूच विचारून जायचा, "तुमच्याकडे कोणाचं फायनल होतंय? माझं एक गटाराचं काम होतं."

*

तिकीट मला हवं होतं. वाटेत काटा एकच, बाळाराम. जवळच्या राई गावचा भूमिपुत्र, उंचापुरा, हसरा, माणसं त्याला आपोआप चिकटायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू! एकदा खटपट करून मी आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आणला. अर्ध्या तासात बाळारामचे दोन आले. त्यातला पहिला हंडा माझ्या बायकोने भरला.

*

वाढदिवसाला मी चौकात स्वतःचा बॅनर लावला. बाळारामने त्याचा बरोबर माझ्या वर टांगला. वाऱ्याने त्याची दोरी सुटली आणि त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर लोंबायला लागला. दोन दिवस लोकांना धड माझं आणि डोकं बाळारामचं दिसत होतं.

शेजारचे शहाभाई मुद्दाम सांगायला आले, "सावंतजी, फोटो में आप बहुत अच्छे लग रहे हो."

*

इच्छुकांच्या मुलाखती काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात होत्या. आम्ही पाच जण. साहेब एकेकाला आत बोलावून शेवटी विचारायचे, "तुला नाही दिलं, तर कोणाला देऊ?"

बाळारामचं नाव मी ओठांवर येऊ दिलं नाही. वसंतरावांचं सांगितलं. वसंतराव म्हणजे ऑफिसात पेपर वाचायला येणारे रिटायर्ड गृहस्थ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हेवा करावा असं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्या दिवशीही ते आमच्या जीपमधून नुसते फिरायला आले होते.

साहेब बाहेर आले. म्हणाले, "पाचातल्या चौघांनी एकच नाव घेतलंय. आपल्या पक्षात एवढं एकमत मी आजवर पाहिलं नाही."

वसंतरावांच्या हातातली इडली हातातच राहिली.

*

वसंतराव दणदणीत निवडून आले. त्यांच्या मिरवणुकीतून मी आणि बाळाराम सटकलो आणि टपरीवर चहाला थांबलो. दोघेही गुलालाने माखलेले. मला राहवेना. म्हटलं, म्हाताऱ्याला आपणच चढवलं की रे. निदान तू तरी दुसरं नाव सांगायचंस.

बाळारामने बशीतला चहा संपवला.

"मी तं दुसरंच सांगितलं व्हतं. तुजं."

वर चहाचे पैसेही त्यानेच दिले.