ऋणनिर्देशातली नावं

थूल मॅडमच्या हाताखालून गेलेलं पोर हिंगणघाटात कुठंही ओळखू येतं, असं कॉलेजातले लोक चेष्टेनं म्हणत. लग्नपत्रिकेत 'सर्वांनी अगत्य येण्याचे करावे' असं दिसलं तरी ते विचारणार, सर्वांनी म्हणजे कोणी? मॅडमच्या कानावर ही चेष्टा जायची आणि त्यांना ती मनातून आवडायची. इतकी वर्षं शिकवून निदान एवढं तरी पोरांच्या अंगी लागलं, असं त्यांना वाटे.

पौर्णिमा थूल एम. ए.ला समाजशास्त्र शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे प्राचार्यांच्या मर्जीवर. कायम होण्याची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. पण पोरांचे निबंध तपासायला बसल्या की ही बाई कोणाच्या बापाला भीत नसे.

आणि निबंध तरी काय असत! विषय कोणताही असो, सुरुवात 'आजच्या आधुनिक, गतिमान आणि स्पर्धेच्या युगात' अशीच. मग प्राचीन काळापासूनचा इतिहास. मग 'तज्ज्ञांच्या मते', आणि तज्ज्ञ कोण ते त्या तज्ज्ञालाच ठाऊक. मग तीच गोष्ट शब्द फिरवून तीनदा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं त्यात असायचं, आणि शेवटी जनजागृती. दारू असो, घटस्फोट असो की पाणीटंचाई, पोरं जनजागृती करून मोकळी होत. एकानं तर मोबाईलवरून उतरवता उतरवता मजकुराच्या मधोमध 'अधिक वाचा' हेही सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. मॅडमनी शेजारी लाल पेनानं लिहिलं, 'आधी तू वाच.'

बाकी सगळ्यांच्या वहीत त्यांचे तीनच प्रश्न समासात सांडलेले असत. कोण? कुठं? पुरावा काय?

याला कारण होतं. मॅडमचे वडील बापूराव एका कापडगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली तेव्हा वस्तीतल्या एका भाषणबाज तरुणानं त्यांचा अर्ज लिहून दिला. त्यात अन्याय होता, शोषण होतं, क्रांतीची मशाल होती. बापूराव कोणत्या खात्यात होते, किती वर्षं होते आणि त्यांना नेमकं काय हवं आहे, तेवढंच नव्हतं. 'अर्जाचा बोध होत नाही' असा शेरा मारून अर्ज परत आला. बापूराव तो शेरा पोरीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत. गरिबाला मोघम बोलणं परवडत नाही, हे पौर्णिमानं त्या वयात मनाशी पक्कं केलं आणि पुढं जन्मभर तेच शिकवलं.

सपना त्यांच्याकडे आली ती शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी. एम. ए.च्या प्रत्येक पोराला एक छोटा अभ्यास करून बांधीव प्रत द्यावी लागे. सपनाचा विषय होता जिनिंगमधल्या महिला कामगार. कापसातून सरकी वेगळी काढायचा हा कारखाना गावाबाहेर होता, आणि हंगामात आसपासच्या बाया तिथं यंत्रावर कापूस टाकायला जात. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, आणि लिहिलेलं सगळं पोकळ. 'काही ठिकाणी काही महिलांना श्वसनाचा त्रास होत असल्याचे बोलले जाते', या वाक्यापाशी मॅडमचं पेन थांबलं.

"सपना, कोण बोलते हे?"

"असंच, मॅडम. लोक."

"तुझी माय काय काम करते?"

सपनानं मान खाली घातली. "जिनिंगातच जाते. कापूस टाकाले."

"मंग तिले खोकला हाय का नाई?" मॅडम चिडल्या की वऱ्हाडीवर येत.

"हाय ना मॅडम. सकाळी उठल्यावर तं बोलताच येत नाई तिले."

"मंग ते काऊन नाई लिहिलं तू? तेच सोडून दुनियाभरचं लिहून राह्यली!"

"घरचं कसं लिहावं, मॅडम?" सपना म्हणाली. "आन जिनिंगवाल्यायनं वाचलं तं?"

"तुझा लघुप्रबंध कोण वाचते बापा?" मॅडम हसल्या. "बायांचं नाव नको टाकू. बाई अ, बाई ब असं लिही. पण जे पाह्यलं ते लिही."

पोरगी भिडेनं दबलेली आहे, तिला आपण मोकळं करतो आहोत, असं मॅडमना त्या दिवशी वाटलं. खरोखर मनापासून वाटलं.

आणि सपनानं लिहिलं. आई आणि तिच्या बरोबरीच्या तिघीजणींशी ती दुपारच्या सुट्टीत, बाभळीखाली बसून बोलली. बाया तोंडाला पदर बांधून काम करतात आणि संध्याकाळी थुंकी पांढरी पडते, हे लिहिलं. तोंडाला बांधायचे मास्क कपाटात असतात आणि कोणी साहेब येणार असेल त्याच दिवशी वाटतात, हे लिहिलं. बाई अ पूर्वी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घरी यायची, आता रिकाम्या हातानं येतानाही नाल्याच्या पुलावर आणि मंदिराच्या ओट्यावर बसल्याशिवाय तिला घर गाठता येत नाही, हे लिहिलं. कुठंही आधुनिक युग नाही, कुठंही जनजागृती नाही. वाचता वाचता मॅडमचे डोळे भरून आले. समासात लिहायला काही सापडेना.

सापडलं ते पुन्हा पहिल्या पानावर आल्यावर, ऋणनिर्देशात. मदत करणाऱ्यांचे आभार मानायचं हे पान प्रत्येक लघुप्रबंधात असतं आणि प्रत्येकात सारखंच असतं. सपनानंही जिनिंगचे मॅनेजर ताराचंदजी यांच्या 'अनमोल मार्गदर्शनाबद्दल' आभार मानले होते, आणि पुढं 'ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत केली त्या सर्वांची मी ऋणी आहे' असं लिहिलं होतं.

"काय मार्गदर्शन केलं तुझ्या ताराचंदजींनं?"

"काईच नाई. गेटातून आत जाऊ देल्लं."

मॅडमनी ते वाक्य खोडलं. "आणि हे ज्यांनी ज्यांनी म्हणजे कोण? ज्या बायांनी पोटातलं काढून तुले दिलं, त्यायचं साधं नाव घ्याले तुले जड जाते? मोठ्यायचे आभार नावानं आन गरिबायचे घाऊक?"

सपनाला ते पटलं. आपण मायचं नाव पुस्तकात छापतो आहोत याचा तिला आनंदही झाला. तिनं चारही नावं लिहिली, पहिलं आईचं, जयवंता. आत बाई अ, बाई ब ठेवलेल्या चौघी पहिल्याच पानावर आपल्या पूर्ण नावांनी उभ्या राहिल्या, आणि हे ना गुरूच्या ध्यानात आलं ना शिष्येच्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लघुप्रबंध उचलून धरला. प्राचार्यांनी न वाचताच त्याचं कौतुक केलं. जिथं अभ्यास केला त्या ठिकाणी एक प्रत भेट द्यायची, असा कॉलेजचा रिवाज होता, कारण मूल्यांकनाच्या फाईलला फोटो लागतो. तसे प्राचार्य स्वतः जिनिंगमध्ये गेले, जिनिंगच्या मालक शेठना पुष्पगुच्छ आणि प्रत दिली, फोटो काढला, चहा पिऊन परत आले. मॅडमना हे नंतर कळलं.

लघुप्रबंध कोणी वाचत नाही हे मॅडमचं म्हणणं खरंच होतं. पण ऋणनिर्देश सगळे वाचतात, आपलं नाव आहे का ते बघायला. ताराचंदनं प्रत उघडली ती तेवढ्यासाठीच. त्याचं नाव नव्हतं. यंत्रावरच्या चार बायांची होती. या बायांनी एवढं काय सांगितलं असेल, म्हणून तो पुढं वाचायला लागला आणि शेवटपर्यंत वाचत गेला.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. नेहमीच्या बायांना निरोप गेले, या चौघींना गेला नाही. त्या आपणहून गेल्या तर ताराचंद गेटवरच उभा. "तुमाले दम लागते ना? घरी आराम करा, मौसीजी," असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. गावातल्या दुसऱ्या जिनिंगमध्येही त्याचा फोन आधी पोहोचला होता. बाकीच्या तिघी सपनाच्या दारात येऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सपनानं हे येऊन सांगितलं तेव्हा मॅडमना पोरांच्या त्या सगळ्या मोघम निबंधांचा अर्थ पहिल्यांदा कळला. ज्या घराची चूल दुसऱ्याच्या गेटवर अवलंबून असते, त्या घरातलं पोर बोलायला शिकतं तेव्हाच नाव न घ्यायलाही शिकतं. काही ठिकाणी. असं बोललं जातं. कोणीतरी म्हणत होतं. सगळ्याच पोरांचं असं नव्हतं, पुष्कळ नुसती आळशी होती. पण या पोरीनं तोंड उघडून भीती सांगितली होती, आणि आपण हसलो होतो. मॅडमना स्वतःचा संताप आला, आणि त्या तशाच उठून जिनिंगवर गेल्या.

ताराचंदनं खुर्ची दिली, चहा मागवला. "मॅडम, आपलं काई भांडण नाई. पोरीनं लिहून द्यावं का हे सारं तिनं मनानं लिहिलं, बायांनी काई सांगितलं नाई, इथं कोणाले काई तकलीफ नाई. खाली तुमची सही. तुम्ही गाईड हाव ना? चारही बाया उद्यापासून कामावर."

"आणि सही नाई केली तं?"

"तं नाई केली," ताराचंद म्हणाला. "चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

सपनानं तो कागद लिहून मॅडमकडे तपासायला आणला. सवयच होती तिला. मॅडमनी लाल पेन हातात घेतलं आणि वाचायला लागल्या. 'मी, सपना, या लघुप्रबंधाची लेखिका आहे. त्यातील पान बारा ते वीस मी कल्पनेने लिहिले. जयवंताबाई व अन्य तीन महिलांनी मला खोकल्याविषयी काहीही सांगितले नाही. मी स्वतः जिनिंगमध्ये जाऊन पाहिले आहे की तेथे मास्क दररोज दिले जातात.' एकही शब्द फालतू नव्हता. कोण, कुठं, काय, सगळं होतं. इतकं नेमकं सपनानं आजवर लिहिलं नव्हतं, आणि त्यातलं पहिलं वाक्य सोडलं तर एकही खरं नव्हतं.

"काई चुकलं का, मॅडम?" सपनानं विचारलं.

"नाई," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन बदललं आणि निळ्या शाईनं सही केली.

चौघी कामावर परतल्या. तीन घरांनी सपनाला माफ केलं. लघुप्रबंधाच्या प्रती मुळात तीनच होत्या, त्यातली एक जिनिंगकडे. शेठचा फोन आल्यावर प्राचार्यांनी कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत काढून घेतली, ती कुठं गेली कोणी विचारलं नाही. सपनाच्या घरची प्रत जयवंताबाईंनी स्वतःच्या हातानं चुलीत घातली होती, नाव छापलेल्या पानासकट. पुढच्या वर्षी मॅडमसमोर निबंधांचा गठ्ठा आला तेव्हा 'काही ठिकाणी'पाशी त्यांचं पेन थांबलं, समासात टेकलं आणि काही न लिहिता पुढं गेलं. हल्ली मॅडम मऊ झाल्या, असं पोरं म्हणायला लागली.

त्याच वर्षीच्या हंगामात जयवंताबाई यंत्रापाशी कोसळल्या. दवाखान्यात वाचल्या, पण फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी दम्याचा विकार एवढंच लिहिलं. कशानं झाला ते सांगता येत नाही, चुलीच्या धुरानंही होऊ शकतो, म्हणाले. जिनिंगनं हात वर केले. कामामुळे आजार झाला हे मान्य करावं आणि औषधपाण्याची सोय करावी, असा अर्ज मॅडमनी स्वतः लिहिला. बापूरावांचा अर्ज जसा असायला हवा होता तसाच तो होता. सरकारी कचेरीत सुनावणी लागली तेव्हा त्या सपना आणि जयवंताबाईंबरोबर गेल्या.

ताराचंदनं फाईलमधून एकच कागद काढून दिला. सुनावणी घेणारा साहेब भला माणूस होता. त्यानं कागद दोनदा वाचला.

"इतकं स्वच्छ लिहिलेलं निवेदन आमच्याकडे क्वचितच येतं," तो म्हणाला. "खाली सही तुमचीच ना, मॅडम?"

"माझीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण साहेब, ते खोटं आहे. दबावाखाली लिहून घेतलंय. खरं ते हिनं आधी लिहिलं होतं."

"ते कुठं आहे?"

मॅडमनी सपनाकडे पाहिलं. सपना आईच्या पाठीवरून हात फिरवत होती. भिंतीजवळच्या बाकावर बसलेल्या जयवंताबाईंना खोकल्याची ढास लागली होती. पदर तोंडात कोंबून त्या ती दाबू पाहत होत्या आणि ती दबत नव्हती. सगळी खोली त्या आवाजानं भरून गेली. साहेबानं ढास ओसरेपर्यंत सभ्यपणे वाट पाहिली.

मग त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "पुरावा काय आहे, मॅडम?"