तबकडीवाल्याचा हेल

म्हसावदला धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या अन् कूलर बनवणारा भिला साऱ्या तालुक्याला तबकडीवाला म्हणून ठाऊक होता. करणी त्या योगेंद्रची. योगेंद्र लग्नाचं शूटिंग करायचा, पण डोक्यात खूळ पिक्चरचं. परग्रहावरची तबकडी दर वेळी विलायतेतल्याच शहरावर का उतरावी, आपल्या पपईच्या वावरात का उतरू नये, असं म्हणून त्याने त्या मोठमोठ्या पिक्चरांची टर उडवणारा अहिराणी पिक्चर काढला. तबकडी भिलाने कूलरच्या पत्र्याची केली, आणि कोठीला हातापुरती भोकं पाडून, डोक्यावर बादली पालथी घालून परग्रहावरचा पाहुणाही तोच झाला. हा पाहुणा गावात येतो, पंगतीला बसतो, ठेच्यासारखा जहाल मिरचीचा खुडा खातो आणि जागच्या जागी मरतो.

मेल्यावर त्याच्यासाठी रडायला बाई हवी होती. भिलाची बायको मोहिनी हेल काढून रडण्यात गावात पहिली. कुणाचीही मयत असो, मोहिनी बसली की मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य तिच्या रडण्यातून बाहेर यायचं आणि दगडालाही पाझर फुटायचा. तिने आधी साफ नकार दिला. कुणी मेलेलं नसताना हेल काढू नये, घराला लागतं, म्हणाली. भिलाने तिची थट्टा केली, मनधरणी केली, आणि अखेर ती तयार झाली.

तो कोठीत आडवा पडला आणि मोहिनीने सुरू केलं, “कथाईन उना रे तू, कथा चालना गया? तुन्हा गावना रस्ता माले माहीत नही. आते मी कोनले इचारू?” कुठून आलास, कुठे निघून गेलास, असं ती त्या पाहुण्याला विचारत होती. बाहेर सगळे पोट धरून हसत होते. आत भिलाचं हसू मात्र थांबलं. आपली बायको आपल्या मागे कशी रडेल, हे कुठल्या नवऱ्याला ऐकायला मिळतं? भिलाला त्या पत्र्याआड मिळालं. बादली काढली तेव्हा मोहिनीचे डोळे खरोखरच ओले होते.

“आसं खोटं खोटं बी मरून नका पडू परत,” ती एवढंच म्हणाली.

पिक्चर मोबाइलवर धो-धो चालला. मोहिनीचा हेल तर पोराटोरांच्या तोंडी बसला. वरातीत, बसस्टँडवर, कुणाची मोटरसायकल बंद पडली तरी लोक गाडीवर पडून ‘कथाईन उना रे’ म्हणायचे. मोहिनीही हसायची. पण त्यानंतर ती कुणाच्या मयतीला रडली नाही. बसायची, पदर डोळ्याला लावायची आणि गप्प राहायची.

माघात तिला काविळीने नेलं.

बाया जमल्या. एकीने हेल उचलला, तोच दारातल्या तरण्या मंडळींत कुणाचं तरी हसू फुटलं. मुद्दाम नव्हे, आवरलंच नाही बिचाऱ्याला. मग एका म्हातारीलाही तो पिक्चर आठवला आणि तिने पदर तोंडात कोंबला. बाया एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. अर्ध्या गावाला रडून वाटेला लावणारी मोहिनी अशी मुकाट्याने गेली. भिलाला हे फार लागलं. तिचं ऐकलं असतं तर, एवढंच तो घोकत राहिला. योगेंद्र येऊन पाया पडला, पिक्चर काढून टाकतो म्हणाला. भिलाने नको म्हटलं. तिचा आवाज दुसरीकडे कुठे राहिला होता?

आता आशा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची होती. मेलेल्या माणसाच्या पहिल्या आखाजीला घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि नात्यातल्या बाया येऊन पुन्हा एकदा रडून घेतात. निदान तेव्हा तरी मोहिनीला तिचं रडणं मिळावं, असं भिलाला वाटत होतं. त्याने घागर स्वतः घासली, पाणी भरलं, डांगर ठेवलं. मोहिनीची थोरली बहीण दगुबाई समोर बसली. तिने सूर लावला आणि पहिल्याच ओळीला तिची नजर दाराकडे गेली. कुणी हसलं नव्हतं, पण हसतील या धाकाने ती थांबली.

भिला घागरीकडे बघत राहिला. गडीमाणसं असं हेल काढून रडत नाहीत, ती बाहेर ओट्यावर खाली मान घालून बसतात. भिला मात्र बायांमध्ये जाऊन बसला. त्याला दुसरे शब्द येत नव्हते. जे पत्र्याआडून ऐकले होते, तेच निघाले.

“कथाईन उनी वं तू, कथा चालनी गयी? तुन्हा गावना रस्ता माले माहीत नही. आते मी कोनले इचारू?”

आवाज फाटका, सूर साफ चुकलेला. दारातली पोरं पुतळ्यासारखी उभी होती. योगेंद्र भिंतीकडे तोंड करून रडत होता. भिलाचा श्वास संपला आणि तो थांबला, तेव्हा दगुबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढची ओळ उचलली. मग तिच्यामागे सगळ्या बाया रडू लागल्या.