मृदंगाच्या वाट्याची कणीक

“वहिनी, लिंबाएवढी कणीक!”

दिवस कलला की आमच्या दारात ही हाक यायचीच. समोरचे मृदंगाचे मास्तर तोंडानं लिंबाएवढी म्हणायचे, पण हाताची ओंजळ नारळ मावेल एवढी पसरायचे. मी गोळा हातावर ठेवला की तो बोटानं दाबून बघायचे, नाकाशी न्यायचे, आणि एकदाही ‘छान’ न म्हणता ‘चालंल’ म्हणून निघून जायचे.

तुमच्या गल्लीतही असा एखादा मृदंगाचा मास्तर असेल, तर तुम्हाला सांगायला नको. नसेल त्याच्यासाठी सांगते. मृदंगाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र वाजवायच्या आधी ताजी भिजवलेली कणीक थापावी लागते. कणीक बसली की तो घुमतो. वाजवणं झालं की ती खरवडून काढायची, नाहीतर वाळून कातडं ओढते. म्हणजे रोज नवी कणीक. आणि ती गव्हाचीच.

आता ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराला परतूरमध्ये आमच्यासारख्यांच्या घरी रोज गव्हाची पोळी कुठली? आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकर. पोळी सणाला, नाहीतर जावई आला तर. स्टेशनमागच्या त्या गल्लीत आम्ही राहायला गेलो आणि समोरच्या खोलीतल्या मास्तरांसाठी मी रोज मूठभर गहू वेगळे दळून ठेवायला लागले. मास्तर एकटे. बायको लवकर गेलेली, मुलगी जाफराबादला मामाकडं वाढलेली. भाकरी ते स्वतः थापायचे, आणि चांगल्या थापायचे. मग कणीक का नाही मळायची? तर म्हणायचे, “वाजवणाऱ्या हातानं मळायचं न्हाई वहिनी. बोटं जड होत्यात.” मला विचाराल तर हा नियम त्यांनी स्वतःच करून ठेवला होता.

माझ्या सासूबाईंना हे बिलकुल पसंत नव्हतं.

“आपण भाकर खायची अन् ह्याच्या मृदंगानं गहू खायचा. वा रे वा!”

मास्तर म्हणायचे, “मावशी, तुमचा गहू देवाच्या कानात चाललाय.”

“देवाच्या कानात? मंग देवाला म्हणावं, एखाद्या दिवशी आमच्या ताटात बी घाल.”

एकदा एकादशीच्या दिवशी मास्तर आले तर सासूबाई दारातच उभ्या. “आज एकादस हाय. आज धान्याला हात लावायचा न्हाई.”

मास्तर गंभीर. “बराबर हाय मावशी. पण उपास माझा हाय. मृदंगाचा न्हाई.”

सासूबाईंना हसू आलं आणि ते लपवायला त्या खोकत आत गेल्या. त्या दिवशी मी जरा मोठा गोळा दिला.

मास्तर सप्ताहात वाजवायचे. पिंपळगाव रेणुकाई, जाफराबाद, कुठून कुठून बोलावणं यायचं. कापडी गवसणीत मृदंग, खांद्याला पिशवी, आणि एसटीत मृदंगासाठी वेगळी जागा धरायचे. कंडक्टर म्हणाला, “ह्याचं तिकीट?” तर म्हणायचे, “पाच वर्षांच्या आतला हाय.” बाकीच्या दिवशी खोलीत शिकवणी. पोरं समोर बसलेली, आणि मृदंग मात्र कोपऱ्यात. कारण आधी बोल तोंडानं म्हणायचे. “तोंडात बसंना ते हातात कुठून येईल?” मग काय, गल्लीतली पोरं हापशावर पाणी भरताना, सायकल ढकलताना, शाळेत जाताना ‘धा दिं ता’ करत चाललेली. माझी धाकटी तर ताटावर बसूनही तेच म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, “खाताना तरी गप बस. घास सुद्धा ठेक्यात गिळायलीस.”

शिकणाऱ्यांत मास्तरांचा खरा चेला म्हणजे भगवान. सुताराचा. चांगला लग्न झालेला, ताडासारखा उंच गडी. दिवसभर रंधा मारायचा आणि संध्याकाळी मास्तरांपुढं मांडी घालून बसायचा. सप्ताहातही तो बरोबर जायचा.

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग कणीक बिघडायला लागली.

म्हणजे मास्तरांच्या मते. आधी एक दिवस म्हणाले, “वहिनी, कणीक आज सैल झाली.” बरं, मी दुसऱ्या दिवशी घट्ट मळली. तर “आज घुमतच न्हाई.” मी म्हटलं, गहू जुना असेल. दुसरा गहू आणला. तर “ह्या गव्हात दम न्हाई.” मी बारीक दळलं, जाडं दळलं, कोमट पाण्यात भिजवलं, ओलं फडकं घालून ठेवलं. जावयासाठी मी एवढं केलं नाही. पण मास्तर गोळा घेऊन जायचे आणि थोड्या वेळानं मान हलवत परत यायचे.

शेवटी मी चक्कीवाल्याशी भांडायला गेले. म्हटलं, “तुझ्या दगडाखाली काय बाजरी ऱ्हायली का काय? माझी कणीक घुमंना.”

तो पिठानं पांढरा झालेला माणूस माझ्याकडं बघतच राहिला. “काकी, साऱ्या परतूरच्या पोळ्या फुगायल्या. तुमच्याच मृदंगाला काय झालं?”

रांगेतल्या बायका हसल्या. मला राग आला, पण घरी येताना त्याचं बोलणं डोक्यात फिरायला लागलं. संध्याकाळी भगवान आला तेव्हा मी त्याला ओट्याजवळ थांबवलं.

“काय रे, तुला बी घुमंना का?”

भगवाननं इकडं तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, “काकू, मृदंग लई बराबर घुमून राह्यला. मास्तरला ऐकू यीना.”

मग मला एकेक आठवायला लागलं. दूधवाला बाहेर ओरडून ओरडून जायचा आणि मास्तर म्हणायचे, आज दूध आलंच न्हाई. आमचे हे एकदा म्हणाले होते, “मास्तर, कान दाखवून या जालन्याला.” तर मास्तर म्हणाले, “कानाला काय झालं? लोकंच आताशा हळू बोलायलीत.” आम्ही तो विनोद समजून हसलो होतो.

“कुणाला सांगू नका काकू,” भगवान म्हणाला. “सप्ताहवाल्यांना कळलं तर परत बोलवणार न्हाईत. ऐकू न येणारा मृदंगी कीर्तनात कोण घेतंय? मी शेजारी बसतो. मृदंग मीच लावून देतो. महाराज थांबले की गुडघ्याला बोट लावतो. चाललंय.”

चाललंय म्हणे! कीर्तनकार मधेच थांबतो, मधेच अभंग उचलतो, हात वर झाला की मृदंगानं तिथल्या तिथं थांबायचं. एवढं सगळं भगवानच्या एका बोटावर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. “वहिनी, कालची कणीक फुकट गेली.”

मी गोळा घेतला, आत गेले, परातीत दोनदा आपटला आणि तोच बाहेर आणून दिला. “घ्या. आता बघा.”

मास्तरांनी दाबून पाहिला. चेहरा उजळला. “हां! आता कसं!”

सासूबाई आतून सगळं बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या जरा जोरात आपट. त्याला दिसलं पाहिजे.”

तेव्हापासून मी दारातच, त्यांच्या डोळ्यांसमोर कणीक आपटायला लागले.

पुढच्या वर्षी माझ्या माहेरच्या वाडीत सप्ताह होता. मीच भावाला सांगून मास्तरांना बोलावलं होतं. सहा दिवस सगळं नीट झालं. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. काल्याला दहीहंडी बांधतात, तुम्हाला माहीतच आहे. मंडपात पाय ठेवायला जागा नाही, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मी खांबाला टेकून बसलेली. महाराज तरुण होते, आवाज खणखणीत. अभंग रंगला. मास्तरांनी डोळे मिटले.

आणि नेमकी हंडीची दोरी सुटली. वरच्या आडव्या बांबूला हात पोचेना म्हणून कुणीतरी ओरडलं, “अरे, त्या उंच भगवानला बोलवा!” माझ्या भावानं त्याला दंड धरून उठवलंच. भगवान मागं बघत बघत गेला.

महाराजांनी हात वर केला. टाळ थांबले. पेटी थांबली. मास्तर थांबले नाहीत.

डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी, आणि दोन्ही हात सुरू. सगळ्या मंडपात एकटा मृदंग वाजत होता. पुढं बसलेली पोरं फिदीफिदी करायला लागली. एका टाळकऱ्यानं टाळ खाली ठेवून डबी काढली, तंबाखूला चुना लावला, त्याला वाटलं मास्तर दोन क्षणांत थांबतील. मास्तर थांबेनात. लोक एकमेकांकडं बघायला लागले. वर्षभर झाकून ठेवलेलं आता माझ्याच माहेरच्या मांडवात, मीच बोलावलेल्या ठिकाणी उघडं पडणार होतं.

महाराजांनी मास्तरांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण तसं नसेल. मग त्यांनी टाळकऱ्यांकडं वळून हात उचलला, थांबवायला नाही, उठवायला. आणि तोच अभंग पुन्हा धरला.

गडबडीत टाळ उचलले गेले. आधी दोन, मग चार, मग सगळे. पेटी आली. बायकांनी टाळ्या धरल्या. मी तर एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारची माझ्याकडं बघायला लागली. मास्तरांचा ठेका जिथं होता तिथंच होता, आम्हीच सगळे पळत जाऊन त्याला गाठलं. मांडवातून वाकून भगवान परत आला, गुडघ्याला बोट लावलं, आणि मास्तरांनी असा सुरेख शेवट केला की पोरंसुद्धा ओरडली.

महाराज म्हणाले, “अशी साथ असली की बोलायचं राहूनच जातं बघा.” आणि पुढं बोलायला लागले.

दुपारी काल्याचा प्रसाद झाल्यावर मास्तर विहिरीवर हात धूत होते. मी कळशी घेऊन गेले. मला बघून म्हणाले, “वहिनी, मी एकटाच वाजवत व्हतो ना?”

“काय बी काय मास्तर! सगळे तर व्हते.” मी मोठ्यानं म्हणाले.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मग हसले. “डोळे उघडले तवा एका टाळकऱ्याच्या तळहाताला तंबाखू चिकटली व्हती. चुना लावलेली. टाळ वाजवताना कुणी तंबाखू मळतंय का?”

मी कळशी उगाच बुडवत राहिले.

“बरं वाजलं का पण?”

“लई बरं वाजलं मास्तर.”

“मंग बस्स.” त्यांनी धोतराला हात पुसले. “लोकांनी एकदा गाठलं. दर डाव कशाला पळवायचं त्यांना?”

त्यानंतर त्यांनी सप्ताहाचं बोलावणं घेतलं नाही. कुणी आलं की म्हणायचे, “भगवानला न्या. माझ्यापरीस उंच हाय, हंडी बी बांधून देतो.” मृदंगही त्यालाच दिला; संध्याकाळी शिकवणीला तो घेऊन यायचा. शिकवणी मात्र चालू ठेवली, आणि खरं सांगू का, ती आधीपेक्षा बरी चालली. पोरांचे हात बघून शिकवायचे. ऐकून सुटणारी चूक बघून सुटत नव्हती. “करंगळी कुठं चालली रे? तिला बोलव,” असं ओरडायचे, आणि आता त्यांचा आवाज एवढा मोठा झाला होता की सगळ्या गल्लीची करंगळी जाग्यावर यायची.

मग मुलीनं हट्ट धरला. एकटं राहायचं नाही, जाफराबादला या. बरेच दिवस नाही-होय करून मास्तर तयार झाले.

परतूरमध्ये ते मला शेवटचे दिसले ते एसटी स्टँडवर. जालन्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. पुढं जालन्याला गाडी बदलायची होती. मी, आमचे हे, भगवान, शिकणारी पोरं, सगळे खाली उभे. आम्ही ओरडून काय काय सांगत होतो, आणि ते सगळ्यालाच “हो हो” म्हणत होते. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, त्यांनी दशम्या पाठवल्या होत्या. गव्हाच्या. मास्तरांनी फडकं सोडून पाहिलं आणि घडी पुन्हा नीट घातली.

घंटी झाली. गाडी हलली. मास्तरांचा उजवा हात खिडकीबाहेर होता. तो पत्र्यावर पडला आणि वाजायला लागला. त्यांना स्वतःला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

आता पत्र्यावर थाप पडली की ड्रायव्हरला वाटतं कुणीतरी मागं राहिलं. त्यानं ब्रेक मारला. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. “कोण ऱ्हायलंय? चला, जल्दी!”

कुणीच राहिलं नव्हतं. पुन्हा घंटी. गाडी चार हात गेली आणि पुन्हा थापा. पुन्हा ब्रेक. आता कंडक्टर तापला. “ओ बाबा! हात आत घ्या! गाडी काय तुमच्यासाठी नाचवायची का?” मास्तरांनी त्याला हसून नमस्कार केला. शेजारच्यानं खुणेनं सांगितलं तेव्हा कुठं हात आत घेतला. सगळी गाडी हसत होती. आम्हीही हसत होतो. भगवान तेवढा हसत नव्हता. तो मान खाली घालून बोटांवर काहीतरी मोजत होता. म्हणाला, “काकू, गाडी दोनदा थांबली, पण ठेका कुठंच तुटला न्हाई.”

गाडी स्टँडच्या फाटकाशी पोचली. तिथं वळताना तो हात पुन्हा बाहेर आला, आणि पत्रा वाजायला लागला. आमच्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

या खेपेला ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही.