परत द्यायचा मान

नानांनी माझ्या टेबलावर पहिल्यांदा टॉवेल-टोपी ठेवली तेव्हा मला वाटलं, लग्नाचं आमंत्रण आहे. मी तारीख विचारली.

"तारीख तुमीच काढायची, वकीलबाई," नाना म्हणाले. "ही परत द्यायची हाय."

आमच्या शहापूर-मुरबाडकडे सोयरीक जुळवणाऱ्याला लग्नात मान म्हणून टॉवेल-टोपी मिळते. टॉवेल मुलीचा बाप देतो, टोपी मुलाचा. खर्डीजवळच्या गावात भातशेती करता करता नानांनी जन्मभर सोयरिकी जुळवल्या. त्यातली एक माझी. माझा नवरा मुरबाडकडचा, भातसानगरला धरणावर नोकरीला. तुम्हीही असे सोयरीक जुळवणारे पाहिले असतील. ते पंगतीत पहिले बसतात आणि संसार बिनसला की त्या गावची वाट सोडतात. नानांचं उलटं होतं. जुळवलेलं लग्न मोडायची वेळ आली की ते दोघांना घेऊन स्वतः माझ्याकडे यायचे, आणि सगळं पार पडलं की मिळालेला मान घडी न मोडता परत करायचे. "जुळवताना मी व्हतो, तर सुटताना मी नको?" असं त्यांचं म्हणणं.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा कायदा मी पुस्तकातून शिकले. तो लोकांना सांगायचा कसा, हे मात्र नानांकडून शिकले. लग्नाला वर्ष झालेलं हवं, दोघं वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत, मग दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, दागिने आणि पोटगीचं आधीच ठरवायचं, मूल असेल तर ते कुणाकडे राहणार तेही, असं मी घडाघडा बोलून टाकायची. त्यानंतर सहा महिने थांबायचं, कोर्टाने मुदत माफ केली तर गोष्ट वेगळी, आणि पुन्हा दोघांनी जजसाहेबांसमोर तेच सांगायचं. समोरचे दोघे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. मग नाना घसा खाकरायचे. "लग्नाला एकदा हो म्हनलं की झालं. सुटायला दोनदा म्हनायला लागतं. मधल्या सहा महिन्यांत मन फिरलं तर फिरू द्या, कोन हसनार नाय." एवढ्यावर त्या दोघांना सगळं समजायचं.

कुणाला ही वाट नको, हेही त्यांना माझ्याआधी कळायचं. एकदा एक मुलगी प्रत्येक उत्तर द्यायच्या आधी दाराशी उभ्या असलेल्या दिराकडे बघत होती. कागद तयार होता, ती सहीही करणार होती. नानांनी दिराला पानाच्या निमित्ताने खाली नेलं आणि जाताजाता मला हळूच म्हणाले, "ही हो म्हनते ती घाबरून. हिला ह्या वाटेनं नका नेऊ." मी दार लावून तिच्याशी बोलले. दंडावरचे वळ तिने तेव्हा दाखवले. त्या खटल्याला तीन वर्षं लागली, पण तिच्या हक्काचं सगळं तिला मिळालं.

कल्याणच्या कोर्टात नाना प्रत्येक तारखेला हजर असायचे. दोन्हीकडच्या मंडळींसाठी घरून भाकऱ्या बांधून आणायचे, कारण अशा दिवशी घरी कुणी धड चूल पेटवत नाही हे त्यांना माहीत होतं. एकदा पुकारा झाला आणि नवरा-बायकोबरोबर नानाही आत गेले. तुम्ही कोण, असं विचारल्यावर त्यांनी अदबीने सांगितलं की हे लग्न त्यांनी जुळवलेलं आहे. जजसाहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली. पुढे तो बाक नानांचाच झाला.

त्यांच्या हातून घोटाळाही झाला होता. एका गावात दोन मुलींच्या बापांचं नाव एकच होतं. एकीचा घटस्फोट झाला आणि नानांनी टॉवेल पाठवला दुसरीच्या घरी. घडी केलेला टॉवेल बघून तिच्या आईने हंबरडा फोडला. निरोप मुलीच्या सासरी मुरबाडला गेला आणि जावई, सासरे, दोन चुलते जीपमधून येऊन धडकले. मुलगी त्यांच्याबरोबरच होती, रस्ताभर सगळ्यांना विचारत होती की मी सोडलंय कुणाला? शेवटी कोंबडं कापून सगळे जेवून गेले. त्या दिवसापासून नाना प्रत्येक टॉवेलला नाव-गावाची चिठ्ठी टाचून ठेवू लागले.

याच सुमाराला माझं नवऱ्याशी जोरात वाजलं होतं. कारण आता आठवत नाही, पण तेव्हा ते फार मोठं होतं. आठ दिवस मी माहेरी होते. नाना ऑफिसात आले तेव्हा मी हसत हसत, पण पूर्ण थट्टेत नाही, म्हणाले, "नाना, आमचा टॉवेल शोधून ठेवा."

नाना दुसरीकडे बघत म्हणाले, "तुमचा नाय सापडायचा."

मला रागच आला. साऱ्या तालुक्याचे टॉवेल चिठ्ठ्या लावून जपतात आणि माझ्या वडिलांनी दिलेला लाल काठाचा हरवतात, हे मला लागलं. त्याच संध्याकाळी मी भातसानगरला घरी गेले, ती नवऱ्याला नानांची तक्रार सांगायला. तक्रारीत आमचं भांडण राहूनच गेलं.

पण मला सांगायची आहे ती शेणवे गावच्या मुलीची गोष्ट. सोयरीक अर्थात नानांचीच. मुलगा मुरबाडचा, कारखान्यात कामाला. मारहाण नाही, दारू नाही, फक्त दोघांचं जमलं नाही. ती सव्वा वर्ष माहेरी होती. तिला नर्सिंगचं शिक्षण पुरं करायचं होतं, त्याला घर सांभाळणारी बायको हवी होती. दोघांनी माझ्यासमोर बसून शांतपणे सांगितलं की आम्हाला सुटायचंय. संमतीचा अर्ज अशांसाठीच असतो.

अडून बसले ते दोघांचे बाप. मुलात खोट आहे असं लिहा, तरच पोरीला सही करू देईन, असं एक म्हणे. दुसरा म्हणे, खोट पोरीत आहे असं लिहा. मी परोपरीने सांगितलं की या अर्जात कुणाचा दोष लिहायचाच नसतो, म्हणून तर हा मार्ग सोपा. दोघांनाही ते पटेना. कोर्टाला कारण नको असलं तरी गावाला हवं होतं. मुलीला कॉलेजात परत घ्यायची मुदत संपत आली होती. तिने लपून मला फोन केला आणि मुदतीची तारीख दोनदा सांगितली.

नाना तीन दिवस ऑफिसात आले नाहीत. चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, "खोट माझ्यात लिवा."

मी म्हटलं, तुमचं नाव अर्जात येऊच शकत नाही. तर म्हणाले, मग अर्जाबाहेर सांगतो. ते आधी शेणव्याला गेले, मग मुरबाडला. दोन्ही गावांत चार माणसं जमवून त्यांनी टोपी काढून सांगितलं की मुलीला पुढे शिकायचंय हे आपण मुलाकडच्यांपासून लपवलं, आणि त्यांना शिकलेली सून बाहेर धाडायची नाही हे मुलीकडच्यांपासून लपवलं. मी मुलीला विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, "नाय हो मॅडम. नानांनी सगळं सांगितलेलं. आमच्याच घरचे म्हनले, लग्नानंतर होईल नीट."

दोन वर्षांत त्या दोन व्याह्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, ते नानांना शिव्या घालण्यावर. आठवड्याभरात अर्जावर दोन्ही सह्या झाल्या. सहा महिन्यांनी दोघं पुन्हा आली, दोघांनी दुसऱ्यांदा हो म्हटलं, दहा मिनिटांत आटोपलं. बाहेर येऊन नानांनी मुलाच्या हातात टोपी दिली. त्याने ती निमूट घेतली. मुलीच्या बापाने टॉवेलला हात लावला नाही. मुलीनेच तो घेतला आणि नानांच्या पाया पडली. त्या वर्षी तिचं कॉलेज पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर नानांकडे सोयरिकीसाठी कुणी फिरकलं नाही. खोटं बोलून लग्न जुळवणारा, असं त्यांचं नाव झालं होतं. लग्नसराईत ते माझ्या ऑफिसात येऊन बसत आणि खालून वरात गेली की उठून खिडकीशी जात. मी म्हटलं, लोकांना खरं सांगू का? त्यांनी मान हलवली. "बापांना परत खोट शोधायला लागंल. ऱ्हाऊ दे. भाताची कामं तरी टायमावर होतात आता." मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि त्यांचा फार अभिमानही वाटला. दोन्ही त्यांना सांगायचं राहून गेलं.

मागच्या पावसाळ्यात नाना गेले. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने चुलीवर चहा ठेवला होता. नानी म्हणजे नानांहून कमी बोलणारी बाई. तिने पत्र्याची ट्रंक ओढून उघडली. आत शंभरावर टॉवेल-टोप्या, कोऱ्या करकरीत, प्रत्येकाला चिठ्ठी. माणसाने खांद्यावर कायम एक विरलेला पंचा बाळगला आणि एवढे टॉवेल नुसते सांभाळले, कधी कुणाला परत द्यायला लागलाच तर म्हणून. नानीने विचारलं, यांचं आता काय करू? मी उगाच चिठ्ठ्या वाचत बसले.

"तुमचा नाय त्यात," नानी म्हणाली.

"माहितीय. हरवला म्हणून सांगितलं होतं त्यांनी."

"हरवतोय कशाला? तुमच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी अंग पुसायला काढला. मी म्हनलं, अवो, हा ठेवायचा ना? तर म्हनले, ह्यो परत द्यायला लागायचा नाय." एवढं बोलून तिने हातातल्या फडक्याने चहाचं भांडं उतरवलं. मग ते फडकं माझ्यापुढे धरलं. चुलीच्या काजळीने काळं झालं होतं. एका कडेला लाल काठाची बोटभर पट्टी शिल्लक होती. ती मी ओळखली.

नवरा माझ्या मागे उभा होता. त्याने विचारलं, "आणि आमच्याकडची टोपी?"

"ती कार्याला घालायचे," नानी चहा गाळत म्हणाली. "जाताना पन तीच व्हती डोक्यावर."