मेव्हिसचं वाकडं हेझल

क्लेम ट्रँटर हा नाकासमोर चालणारा माणूस, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. मी त्याची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, आणि हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नाकासमोर चालणाऱ्याला शेजारी चालणारं माणूस दिसत नाही, हे कुणी बोलत नाही.

त्या नवराबायकोची बाग म्हणजे क्लेमची बाग. कांदे त्याचे, वाटाणा त्याचा, आणि ऑगस्टमधल्या गावच्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनात बक्षीस घेणारा लांबच लांब घेवडाही त्याचाच. त्याच्या बायकोचं, मेव्हिसचं, तिथे एकच झाड होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. पिळाचं हेझल, म्हणजे फांद्या पिळवटत वाढणारं झुडूप. तिने लग्नाआधी शाळेच्या स्वयंपाकघरात राबून मिळवलेल्या पैशांतून घेतलेलं. उन्हाळ्यात ते बघवत नाही, पानं चुरगळलेली, जणू रोग पडलाय. पण फेब्रुवारीत पानं झडली की पिळलेली फांदी न् फांदी उघडी पडते आणि तिच्यावर पिवळे तुरे लोंबतात. त्या महिन्यात मेव्हिस भांडी घासायला मुद्दाम वेळ लावायची.

या झाडाची एक खोड आहे. ते साध्या हेझलच्या खुंटावर कलम केलेलं असतं, आणि खालचा खुंट दरवर्षी सरळसोट फुटवे वर पाठवतो. ते बुडापासून ओरबाडून काढावे लागतात. नाहीतर सगळं अन्न तेच खातात आणि वरचं वाकडं झाड उपाशी मरतं. मेव्हिस दर हिवाळ्यात चिखलात गुडघे टेकून हे काम करायची. क्लेम आत चहा पीत बसलेला असायचा.

मग दूर हेरेफर्ड गावात तिची बहीण अंथरुणाला खिळली. करणारं दुसरं कुणी नव्हतं. जाताना मेव्हिसने क्लेमला झाडाजवळ उभं करून दाखवलं, खालून येईल ते सगळं काढायचं. तो हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जातं? दोन वर्षं ती तिकडेच होती. अधूनमधून उन्हाळ्यात एखादा दिवस यायची, तेव्हा सगळा पाल्याचा ढिगारा, आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

इथले पुरुष सरळ हेझलची काठी कधी टाकत नाहीत. घेवड्याला मांडव करायला तिच्यासारखी काठी नाही. क्लेमने फुटवे काढले नाहीत, वाढवले. त्यांना ऊन मिळावं म्हणून वरच्या वाकड्या फांद्या छाटल्या आणि वाटाण्याला आधार म्हणून रोवल्या. मी भिंतीवरून त्याला म्हटलं, हे काय चालवलंयस? तर हसला आणि म्हणाला, "कुत्र्याचं शेपूट सरळ झालं बघ, शेवटी." वर मला माझ्या गुलाबांकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्या ऑगस्टला त्याला पुन्हा बक्षीस मिळालं, आणि काठ्या कुठून आणल्या म्हणून लोकांनी कौतुकाने विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बहीण गेली. तिला पोचवून मेव्हिस फेब्रुवारीत घरी आली. कोट न काढता सरळ झाडाकडे गेली. समोर सरळ काठ्यांचं कुंपण उभं, आणि मधोमध वाकडा बुंधा. तिने गुडघे टेकून नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं.

क्लेम दारात आला. इतकं महत्त्वाचं होतं तर आधी नीट सांगायचंस, असं तो म्हणाला. वर तिलाच बोल.

मेव्हिस उठली नाही. "दर जानेवारीत मी तुझ्या खिडकीसमोर गुडघ्यांवर असायचे, क्लेम. गारठ्यात. मी काय करतेय असं वाटायचं तुला? प्रार्थना?"

क्लेमने खरोखर विचार केला. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

"मी कधी बघितलं नाही," तो म्हणाला.

तिने कुदळ आणली आणि तो खुंट मुळासकट उपटायला घेतला. क्लेम मदतीला पुढे झाला तर तिने त्याला कुदळीला हात लावू दिला नाही. मी भिंत ओलांडून गेले. आम्हा दोघींना अंधार पडेपर्यंत वेळ लागला. मुळं थेट घराच्या पायापर्यंत गेली होती.

रविवारी जेवताना क्लेमने तिला विचारलं की खिडकीखालची ती जागा आता मोकळीच आहे, तर यंदा तिथे घेवडा लावू का. मेव्हिसने त्याचं ताट उचललं, घासलं, पुसून जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती हेरेफर्डला बहिणीच्या घरी परत गेली. जूनमध्ये क्लेमने मला भिंतीवरून विचारलं, मेव्हिस कधी येणार काही बोलली का. त्याच्यामागे, खिडकीखाली, घेवडा काचेपर्यंत चढला होता.