मुलांसाठी लिहिणाऱ्या बाई

सौदीत धाहरानहून अल-खोबरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्या मला एकदाच भेटल्या. दक्षिण आफ्रिकेच्या, सत्तरीच्या, मुलीकडे राहायला आलेल्या. आफ्रिकान्स भाषेत त्यांनी चाळीस वर्षं मुलांची पुस्तकं आणि नाटकं लिहिली होती. मांडीवरच्या वहीत एखादं वाक्य लिहीत, पुटपुटून बघत आणि बहुधा खोडून टाकत.

माझी बायको जाऊन तेव्हा महिना झाला होता. सहा वर्षांच्या मुलीला मी सांगितलं होतं, आई देवाघरी गेली. इथून सुट्टीवर गेलेल्याला मुदतीत परतावं लागतं, म्हणून ती रोज विचारायची, "बाबा, आईचा रीएन्ट्री व्हिसा संपेल ना?" हे मी त्या अनोळखी बाईंना का सांगितलं, कोण जाणे.

त्यांनी वही मिटली. "माझ्या एका नाटकात आजी मरते. शाळा म्हणाली, 'झोपली' असं लिहा. मी लिहिलं. प्रयोग पाहिलेली एक मुलगी कितीतरी दिवस झोपायलाच तयार होईना. मग मी 'मेली' असं लिहिलं."

"मुलं रडली?"

"रडली. आणि घरी जाऊन झोपली."

त्या संध्याकाळी मी मुलीला जवळ घेऊन सांगितलं, आई वारली, ती आता परत येणार नाही.

"मग माझी वेणी कोण घालणार?"

"मी शिकेन," मी म्हणालो.