भात्याचा डावा हात

आमच्या नाटक मंडळीत अकॉर्डियन वाजवणाऱ्याला सगळे भाता म्हणत. वाद्याला भाता असतो म्हणून, आणि दोन जिने चढला की त्याचाही भाता चालतो म्हणून. पडदा वर जायच्या आधी तो विंगेतून असे काही सूर सोडायचा, की माझ्यासारखा बुटका राजासुद्धा रंगमंचावर पाऊल टाकेपर्यंत हातभर उंच व्हायचा. मंडळी बंद पडली. माझ्याकडे पुठ्ठ्याचा मुकुट राहिला, त्याच्याकडे अकॉर्डियन. मग लेकीने त्याला व्हिडिओ कॅमेरा भेट दिला आणि आम्हा मित्रांच्या हालांना सुरुवात झाली.

अकॉर्डियनवाल्याचा उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. बाहेर ओढायचा, आत दाबायचा. जन्मभर हेच केलेलं. प्रवासात उजव्या हातात पिशव्या असल्यामुळे कॅमेरा डाव्यात. कुठून गाणं कानावर आलं, की भात्याचे डोळे मिटत आणि डावा हात आपलं काम सुरू करी. बोटीच्या सफरीत खलाशाने रेडिओ लावला, तर व्हिडिओत समुद्र असा हेलकावला की बघता बघता शेजारच्या दंतवैद्याने लिंबू मागवलं. रस्त्यावरच्या उत्सवांत तर पावलापावलावर बँड. मुखवटे, भिंत, मुखवटे, पुन्हा भिंत. आणि मागून वहिनींचा आवाज, “अहो, डोळे उघडा!”

तरी आम्ही बघायला जायचो. वहिनी चिवडा छान करत आणि भाता प्रत्येक व्हिडिओ नाटकाचा पहिला प्रयोग असल्यासारखा सादर करी.

परवाचा प्रयोग मात्र वेगळा होता. रुग्णालयातल्या मुलांच्या विभागासाठी गावात मदतफेरी निघाली होती. बागेपासून नदीवरच्या पुलापर्यंत चालायचं. वहिनींचा गुडघा ऑपरेशनचा. तरी त्या शेवटपर्यंत चालल्या. पण त्यांची थोरली बहीण, ताई, ते मानायलाच तयार नव्हती.

“तू? पुलापर्यंत?” ताई सोफ्यावर बसता बसता म्हणाली. “कोपऱ्यावर रिक्षात बसली असशील.”

“ताई, मी चालले.”

“लहानपणीही शाळेत चालत जाते म्हणायचीस आणि दूधवाल्याच्या सायकलवरून उतरायचीस.”

वहिनी हसल्या नाहीत. ऑपरेशननंतर सगळं घर त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत होतं. आपण अजून चालू शकतो, हे कुणीतरी मान्य करावं, एवढंच त्यांना हवं होतं. “अहो,” त्या म्हणाल्या, “लावा तो व्हिडिओ.”

भात्याने मला हळूच बाजूला घेतलं. “अरे, घोटाळा झालाय. सुरुवातीलाच ढोल वाजला, माझा हात सुटला आणि कॅमेरा एका पोस्टमनच्या टोपीवर आदळला. ही ओरडली, हात खाली ठेवा. मी ठेवला. बंद करायचा राहिला.”

पडद्यावर बाग दिसली, ढोल, टोपी, “हात खाली ठेवा!” आणि मग जमीन. नुसती जमीन आणि तिच्यावरून चाललेले दोन निळे बूट. एक पाऊल नीट, दुसरं जरा ओढत. बूट चालले, थांबले, पाणी प्यायल्यासारखे विसावले, पुन्हा चालले.

“बुटांना तोंड नसतं,” ताई म्हणाली. “कुणाचेही असतील.”

पूल आला. रस्त्यावर शेवटची पांढरी रेघ दिसू लागली आणि तेवढ्यात, हाय रे देवा, पुलावरच्या बँडने गत सुरू केली. डावा हात जागा झाला! बूट, नदी, बूट, नदी. आम्ही सगळे पुढे सरकलो. मी जन्मभर नाटकांत युद्धं जिंकली, पण छातीत एवढी धडधड कधी झाली नव्हती. बूट रेघेच्या अलीकडे. नदी. हात आत आला... बूट रेघेच्या पलीकडे!

दंतवैद्याने टाळी वाजवली. पण ताई उभी राहिली होती.

“थांबवा! मेहुणे, थांबवा तिथेच!” ती पडद्याजवळ गेली. “त्या उजव्या बुटाला पिवळी नाडी आहे. निळी तुटली म्हणून मी घातलेली. हे माझे बूट आहेत! त्यानेच हरवले म्हणून महिनाभर मी त्या चांभाराशी भांडतेय!”

वहिनींनी चिवड्याची बशी पुढे केली. “माझे टाचेला लागत होते. तू पाहुणी आली होतीस, तेव्हा इथेच राहिले होते. सांगणारच होते.”

“म्हणजे माझे बूट पुलापर्यंत गेले?”

“गेले. आत मी होते.”

ताई बहिणीच्या शेजारी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “दुखलं का गं?”

“खूप,” वहिनी म्हणाल्या, आणि आता कुठे हसल्या.

“पुढच्या वर्षी मी येते बरोबर. आणि बूट माझे मीच घालणार.” मग तिने भात्याकडे वळून बघितलं. तो डोळे पुसत कॅमेऱ्याकडे सरकत होता.

“मेहुणे,” ताई म्हणाली, “तुम्ही फक्त हात खाली ठेवा.”